संत ब्रिजिता : वाट पाहणाऱ्यांची सोबतीण



दरवर्षी २३ जुलै रोजी ख्रिस्तसभा स्वीडन देशातील संत ब्रिजिता हिचा सण साजरा करते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तिचे नाव माहीत आहे ते पंधरा प्रार्थनांच्या छोट्या पुस्तिकेमुळे. काही जण तिला आयर्लंडची संत ब्रिजिट समजतात. ती वेगळी, तिचा सण १ फेब्रुवारीला असतो. स्वीडनच्या ब्रिजिताचे जीवनचरित्र मात्र फारसे कोणी वाचलेले नसते. ते वाचायला हवे, कारण ही संत आपल्यासारखीच प्रापंचिक होती. ती आठ मुलांची आई होती, मोठ्या घराची कर्ती बाई होती, चाळिशीत ती विधवा झाली आणि आयुष्याची शेवटची सुमारे चोवीस वर्षे तिने परक्या शहरात वाट पाहण्यात काढली. ज्याची वाट पाहिली त्यातले बरेचसे तिला डोळ्यांनी दिसले नाही. तिचे जीवन आज आम्ही ह्याच अंगाने आपल्यापुढे ठेवत आहोत.

उत्तरेकडचे घर

स्वीडन हा युरोपच्या अगदी उत्तरेकडचा देश. हिवाळ्यात तेथे दिवस काही तासांचाच असतो, तळी गोठतात, जमीन बर्फाखाली जाते. उन्हाळ्यात मात्र मध्यरात्रीपर्यंत उजेड रेंगाळतो. ह्या देशात संत आन्सगार ह्याने इ.स. ८३०च्या सुमारास प्रथम सुवार्ता नेली, पण श्रद्धा रुजायला बराच काळ लागला. उप्साला येथे ११६४ मध्ये आर्चबिशपांचे पीठ स्थापन झाले. ब्रिजिताच्या काळापर्यंत लोकांचे वर्ष ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेप्रमाणे चालू लागले होते. पेरणी, कापणी, न्यायसभा, बाजार, सगळे काही संतांच्या सणांवरून मोजले जाई. उपवासकाळात मांस वर्ज्य असे. तेव्हा राय ह्या धान्याची भाकरी आणि सुकवलेली मासळी हेच जेवण.

ब्रिजिताचा जन्म १३०३ साली उपलांद प्रांतातील फिन्स्ता येथे झाला. तिचा पिता बिर्येर पेर्सोन हा त्या प्रांताचा कायदेपंडित होता. त्या काळी कायदा आधी तोंडपाठ असे. लोकसभेत उभे राहून तो सर्वांना सांगणे, हे कायदेपंडिताचे काम. उपलांदचा कायदा लिहून काढण्यासाठी नेमलेल्या मंडळाचा तो प्रमुख होता आणि १२९६ मध्ये राजाने त्या कायद्याला मान्यता दिली. असा हा मानाचा माणूस शुक्रवारी न चुकता पापनिवेदन करीत असे. न्याय आणि भक्ती एका घरात कशी नांदतात हे मुलीने तेथेच पाहिले.

ब्रिजिता अकरा वर्षांची असताना तिची आई इंगेबोर्ग वारली. मुलीला मावशीकडे पाठविण्यात आले. मावशी शिस्तीची होती. आई जाण्याच्या सुमारासच, प्रभूच्या दुःखसहनावरचे प्रवचन ऐकल्यानंतर, ब्रिजिताला क्रुसावरील ख्रिस्ताचे दर्शन घडले असे तिच्या चरित्रात सांगितले आहे. त्या दर्शनाची आठवण तिला आयुष्यभर पुरली.

संसार

तेराव्या वर्षी, १३१६ मध्ये, तिचे लग्न उल्फ गुडमार्सोन ह्या अठरा वर्षांच्या तरुणाशी झाले. आजच्या आपल्या दृष्टीने हे वय लग्नाचे नव्हे, पण त्या काळच्या सरदारघराण्यांत अशीच रीत होती. तिचे स्वतःचे मन अविवाहित राहण्याकडे होते. तरीही लाभलेला संसार तिने मनापासून केला. बोरेन तळ्याच्या काठी उल्वोसा येथे तिचे घर होते. चार मुलगे आणि चार मुली झाल्या. त्यांपैकी दोन मुलगे लहान वयातच गेले.

अशा घराच्या बाईला दिवसभर उसंत नसे. हिवाळ्यापूर्वी धान्य भरून ठेवायचे, मांस खारवायचे, बिअर गाळायची, लोकर आणि जवसाचे सूत काढून घ्यायचे, नोकरमाणसांचे जेवणखाण आणि आजारपण पाहायचे. ब्रिजिताने त्यात आणखी एका कामाची भर घातली. घराजवळ तिने गरिबांसाठी व आजाऱ्यांसाठी जागा केली आणि त्यांची सेवा ती स्वतः करू लागली. मुलींनाही ती सोबत नेत असे. आजारी माणसाजवळ मुलांना नेऊ नये असे म्हणणारे तेव्हाही होते. सेवा लहानपणीच शिकावी लागते, असे तिचे मत होते. मुलांना शिकविण्यासाठी घरी शिक्षक ठेवले होते आणि ब्रिजिता स्वतःही मोठेपणी लॅटिन शिकू लागली.

१३३५च्या सुमारास तिला राजवाड्यातून बोलावणे आले. राजा मॅग्नुस ह्याची तरुण राणी ब्लान्श हिच्या घरव्यवस्थेची जबाबदारी तिच्याकडे सोपविण्यात आली. त्याच वर्षी ह्या राजाने राज्याच्या काही भागांत ख्रिस्ती मातापित्यांच्या मुलांना गुलाम मानण्यास बंदी केली. चांगल्या गोष्टी घडत होत्या, पण दरबारात चैन आणि मत्सरही होता. ब्रिजिताचे बोलणे स्पष्ट. पुढे राजाच्या जाचक करांबद्दलही तिने त्याला खडसावले. मोठ्यांच्या घरी जेवून त्यांना खरे सांगणे किती अवघड असते, हे आपण जाणतो.

घरातही सगळे तिच्या मनासारखे झाले नाही. थोरली मुलगी मार्ता हिचे लग्न ज्या माणसाशी ठरले तो आडदांड होता. ब्रिजिताचा कडाडून विरोध असतानाही उल्फने ते लग्न लावून दिले. आई रडली, पण ऐकले कोणी नाही. हीच मार्ता पुढे राजकन्या मार्गारेट हिला सांभाळणारी झाली आणि ती मार्गारेट मोठेपणी उत्तरेकडील तिन्ही राज्यांची राणी बनली. आईच्या अश्रूंच्या वेळी हे कोणाला दिसणार होते?

दोन तीर्थयात्रा आणि एक अंगठी

१३३९च्या सुमारास पतिपत्नींनी नॉर्वेतील संत ओलाव्ह ह्याच्या कबरीची यात्रा केली. नंतर १३४१ मध्ये ती दोघे स्पेनमधील संत याकोबाच्या तीर्थस्थानी, कोंपोस्तेला येथे, निघाली. परतीच्या वाटेवर फ्रान्समधील आरास शहरात उल्फ गंभीर आजारी पडला. तेथे दोघांनी ठरविले की, बरे होऊन घरी पोहोचल्यास उरलेले आयुष्य देवाला द्यायचे. तो बरा झाला. घरी परतल्यावर तो आल्वास्त्रा येथील सिस्टर्शियन मठात राहू लागला आणि तेथेच १३४४ मध्ये वारला.

मरणापूर्वी उल्फने आपली अंगठी तिच्या बोटात घातली होती. दफन होऊन काही दिवस जातात न जातात तोच तिने ती काढून ठेवली. लोकांनी नावे ठेवली, हिला नवऱ्याचे प्रेमच नव्हते असे म्हटले. तिची समजूत वेगळी होती. त्या अंगठीत तिचे मन अडकून राहत होते आणि आता ते देवाकडे न्यायचे होते. तिचे प्रेम किती खोल होते हे ह्यावरूनच कळते.

ह्यानंतर तिला वारंवार साक्षात्कार होऊ लागले. ती ते आपल्या स्वीडिश भाषेत लिही किंवा सांगे आणि आल्वास्त्राचे फादर पेत्रुस ते लॅटिनमध्ये उतरवीत. तिच्या स्वतःच्या हस्ताक्षरातील काही स्वीडिश पाने आजही स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहेत. तिला एक नवा व्रतस्थ संघ स्थापन करण्याची प्रेरणा झाली. एकाच मंदिराभोवती साठ भगिनी आणि पंचवीस पुरुष व्रतस्थ असावेत, दोघांची घरे वेगळी असावीत, सर्वांची प्रमुख एक स्त्री असावी आणि रविवारी लोकांना त्यांच्याच भाषेत प्रवचन ऐकायला मिळावे, अशी ती योजना होती. १३४६ मध्ये राजा मॅग्नुस व राणी ब्लान्श ह्यांनी वेतेर्न तळ्याकाठची वाद्स्तेना येथील आपली इस्टेट त्यासाठी देऊ केली. आता हवी होती ती पोपमहोदयांची मान्यता.

रोममधील चोवीस वर्षे

येथूनच तिची खरी परीक्षा सुरू झाली. १३०९ पासून पोप रोममध्ये राहत नव्हते. ते फ्रान्सच्या बाजूला आविन्यों येथे राहत होते. ब्रिजिताने दूत पाठवून पोप सहावे क्लेमेंट ह्यांना विनंती केली की, त्यांनी रोमला परतावे आणि इंग्लंड व फ्रान्स ह्यांच्या राजांमध्ये समेट घडवावा. काहीच घडले नाही. १३४९ मध्ये ती स्वतः रोमकडे निघाली. पुढचे वर्ष, १३५०, हे ज्युबिलीचे वर्ष होते. पोप एक दिवस येतीलच आणि तोवर येथेच थांबायचे, असे तिने ठरविले. पुन्हा कधी ती मायदेशी गेली नाही. तिच्या मागे, १३५० मध्ये, प्लेगची काळी साथ स्वीडनमध्ये पोहोचली.

तेव्हाचे रोम आजचे नव्हते. मंदिरे पडझडीला आली होती, १३४९ च्या भूकंपाने त्यात भर घातली होती आणि सरदारांच्या टोळ्या रस्त्यांवर भांडत होत्या. अशा शहरात ही परदेशी विधवा एका मंदिराकडून दुसऱ्या मंदिराकडे प्रार्थनेला जाई, आजाऱ्यांना भेटे, स्वीडनहून आलेल्या यात्रेकरूंना आसरा देई, लॅटिनचा अभ्यास करी आणि आपल्या संघाची नियमावली घडवी. कधी घरात पैसा नसे, कर्ज होई. संत लॉरेन्सच्या मंदिराच्या दारात तिने गरिबांसाठी भीक मागितल्याचीही परंपरा आहे. मुलगी कातारिना आईला भेटायला १३५० मध्ये आली, इकडेच असताना विधवा झाली आणि कायमची आईजवळ राहिली. तीही पुढे संत म्हणून ओळखली गेली.

१३६७ मध्ये, म्हणजे अठरा वर्षांनी, पोप पाचवे अर्बन रोमला आले. ब्रिजिताची प्रार्थना फळाला आली असे वाटले. १३७० मध्ये त्यांनी तिच्या संघाला मान्यताही दिली, पण संत ऑगस्टीनच्या नियमाखाली आणि तिच्या मूळ योजनेत बदल करून. मग ते पुन्हा आविन्योंला जायला निघाले. ब्रिजिता त्यांना भेटली आणि तिने त्यांना सावध केले की, परत गेल्यास मरण जवळ आहे. ते गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारले. ब्रिजिताच्या हाती पुन्हा वाट पाहणेच उरले. तेव्हा ती सदुसष्ट वर्षांची होती.

कार्ल

१३७१च्या अखेरीस ती आपल्या मुलांसह पवित्र भूमीच्या यात्रेला निघाली. वाटेत नेपल्समध्ये थांबावे लागले. तिचा मुलगा कार्ल हा देखणा, रंगेल सरदार. त्याची पत्नी घरी स्वीडनमध्ये होती. नेपल्सची राणी जोआना हिचे मन त्याच्यावर बसले आणि तोही वाहवत जाऊ लागला. आईच्या डोळ्यांसमोर हे चालले होते. तिने प्रार्थनेचा आधार घेतला. काही दिवसांतच कार्ल तापाने आजारी पडला आणि मार्च १३७२ मध्ये वारला. सत्तरीला आलेल्या आईने मुलाला परक्या मातीत ठेवले आणि ती पुढच्या प्रवासाला निघाली. नंतर झालेल्या साक्षात्कारात तिला दिसले की, देवाच्या न्यायासनासमोर कार्लच्या बाजूने आईचे अश्रू उभे राहिले होते. वाट चुकलेल्या मुलांसाठी रात्री जपमाळ हातात घेणाऱ्या आयांनी हे विसरू नये.

त्या यात्रेत बेथलेहेम येथे तिला प्रभुजन्माचे दर्शन झाले. बाळ येशू जमिनीवर आहे, त्याच्यातून प्रकाश फाकला आहे आणि पवित्र मरिया त्याच्यापुढे गुडघे टेकून त्याची आराधना करीत आहे, असे ते दृश्य होते. त्यापूर्वी चित्रकार मरियेला बहुधा बाळंतिणीसारखी पहुडलेली दाखवीत. ब्रिजिताच्या वर्णनानंतर गुडघे टेकलेली मरिया युरोपभर चितारली जाऊ लागली. नाताळच्या गोठ्यात आपण आजही मरियेची जी मूर्ती मांडतो तिचा संबंध असा ह्या स्वीडिश आजीशी आहे.

१३७३ मध्ये ती आजारी अवस्थेत रोमला परतली आणि २३ जुलै रोजी, ज्याला आज पियाझ्झा फार्नेसे म्हणतात त्या चौकातील आपल्या घरी तिने प्राण सोडला. पोप अजून आविन्योंमध्येच होते. वाद्स्तेनाचा मठ पुरा झाला नव्हता. त्या मठातली घंटा तिने कधी ऐकली नाही.

नंतर काय झाले

पुढच्या वर्षी कातारिना आणि तिचा भाऊ बिर्येर ह्यांनी आईचे अवशेष वाद्स्तेनाला नेले. पोप अकरावे ग्रेगरी जानेवारी १३७७ मध्ये रोमला परतले. त्यासाठी सिएनाच्या संत कॅथरीनने केलेले प्रयत्न आपल्याला ठाऊक आहेतच. १३८४ मध्ये वाद्स्तेनाच्या मठाचा प्रतिष्ठापना विधी झाला. १३९१ मध्ये पोप नववे बोनिफास ह्यांनी ब्रिजिताला संत म्हणून घोषित केले. वाद्स्तेनाच्या मठातून स्वीडिश भाषेला धार्मिक वाङ्मय मिळाले, तेथील ग्रंथालय देशातले सर्वांत मोठे झाले.

मग वादळ आले. सोळाव्या शतकात राजा गुस्ताव वासा ह्याच्या काळात स्वीडन रोमपासून वेगळा झाला, मठांच्या मालमत्ता जप्त झाल्या आणि १५९५ मध्ये वाद्स्तेनाचा मठही बंद पडला. जवळजवळ साडेतीनशे वर्षे असे वाटत राहिले की, सगळे संपले. १८७० मध्ये स्वीडनमधील एका गरीब लुथरन घरात एलिझाबेथ हेसेलब्लाद जन्मली. पोटासाठी ती अमेरिकेला गेली, परिचारिका झाली, १९०२ मध्ये कॅथलिक झाली आणि दोन वर्षांनी, आजारी असताना, रोममधील ब्रिजिताच्या त्याच घरी येऊन राहिली. १९११ मध्ये तिने ब्रिजिताच्या संघाची नवी शाखा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धात तिने त्या घरात ज्यू कुटुंबांना लपवून वाचविले. तिच्या भगिनी १९३५ मध्ये वाद्स्तेनाला परतल्या. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस ह्यांनी एलिझाबेथलाही संतपद दिले. ह्या संघाच्या भगिनी आज केरळसह भारतातही प्रार्थना व आतिथ्यसेवा करीत आहेत. १९९९ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ब्रिजिताला युरोपच्या आश्रयदात्या संतांमध्ये स्थान दिले.

पंधरा प्रार्थनांविषयी

आता त्या पुस्तिकेकडे वळू. ह्या प्रार्थना वर्षभर रोज म्हटल्यास इतके आत्मे मुक्त होतील, अमुक इतके नातेवाईक तरतील, अशी वचने तिच्यात छापलेली असतात. ती खरी का, असे अनेक जण आम्हांला विचारतात. प्रभूच्या दुःखसहनाचे मनन म्हणून ह्या प्रार्थना सुंदर आहेत, त्या जरूर म्हणाव्यात. मात्र अभ्यासकांच्या मते त्या ब्रिजिताच्या लेखणीतून आलेल्या नाहीत, त्या तिच्यानंतरच्या आहेत. त्यांच्यासोबतची वचने देवाकडून आली असे सिद्ध झालेले नाही, असे रोमच्या धर्मपीठाने १९५४ मध्येच जाहीर केले आहे. ब्रिजिताच्या अस्सल साक्षात्कारांबाबतही ख्रिस्तसभेची शिकवण अशी की, देवाचे संपूर्ण प्रकटीकरण ख्रिस्तामध्ये झाले आहे. संतांची खासगी दर्शने आपल्याला त्याच्याकडे जायला मदत करतात. ती श्रद्धेचा नवा पाया होत नाहीत.

आणि ज्या स्त्रीच्या नावावर ही हमखास वचने छापली जातात, तिला स्वतःला काय मिळाले ते पाहा. तिने वर्षभर नव्हे, चोवीस वर्षे प्रार्थना केली. पोप आले आणि गेले. मठ मिळाला, पण दुरूनच. मुलगा डोळ्यांसमोर गेला. हिशेब मांडला तर जमेची बाजू रिकामी दिसते. संत थॉमस अक्वायनस शिकवतो की, जे चांगले आहे, अजून हाती आलेले नाही, मिळायला कठीण आहे, तरीही मिळणे शक्य आहे, त्याचीच आपण आशा धरतो. सहज मिळणाऱ्या गोष्टीसाठी आशा लागतच नाही. ब्रिजिताच्या वाट पाहण्यात रोजचे काम होते, आजाऱ्याला पाणी होते, अभ्यास होता, मिस्सा होती. निकाल तिने देवाच्या हाती ठेवला आणि देवाने तो त्याच्या वेळी दिला. काही फळ तिच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी आले, काही अकरा वर्षांनी, काही साडेपाचशे वर्षांनी.

बंधूभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही वाट पाहणारे पुष्कळ आहेत. कोणी दारूत बुडालेल्या नवऱ्याची शुद्ध परत येण्याची वाट पाहते, कोणी परदेशी गेलेल्या आणि मिस्सा सोडलेल्या मुलाची, कोणी भावाभावांतला जमिनीचा वाद मिटण्याची, कोणी तपासणीच्या अहवालाची. आपल्यापुढे तारीख ठेवणारे आणि हमी देणारे अनेक भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. आज करण्यासारखे जे एक चांगले काम आहे ते करा, प्रार्थना सोडू नका आणि ह्या आईचे नाव घ्या.

हे संत ब्रिजिता, तू पत्नी होतीस, आई होतीस, विधवा होतीस. आमच्या घरांसाठी, वाट चुकलेल्या मुलांसाठी आणि उत्तराची वाट पाहून थकलेल्या प्रत्येकासाठी विनंती कर. आमेन.